वडिलांचे नाव अवैध आहे

"शालू, तुझ्या कम्प्युटरनं माझ्या बापाला अवैध केलंन."

फोनवर सुगंधा होती. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. मी म्हटलं, "काय झालं, नीट सांग."

"नीटच सांगत्ये. वडिलांचं नाव लिहिलं, काशीराम. खाली लाल अक्षरांत आलं, वडिलांचे नाव अवैध आहे. बाजूला लाल फुली. माझ्या बापाच्या नावावर फुली, शालू. आमच्या वाडीतली एक पण बाई येणार नाय आता. बस रद्द करत्ये मी."

सम्यक, मैत्री, मागच्या वेळी फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, रिटायर झाल्यावर तू कम्प्युटरवर काय करत बसतेस? तेव्हा वेळ नव्हता. आता सविस्तर लिहिते.

बँकेच्या कम्प्युटर विभागातून निवृत्त होऊन मी महाडला राहायला आले, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून ओळखीच्या लोकांना वेबसाईट करून देते. शाळा, वाचनालय, एक आंब्याचा बागायतदार. या खेपेचं काम मात्र आपल्याच गावचं होतं. पोलादपूरवरून कापड्याच्या बाजूला गेलं की आपलं गाव लागतं. तिथे यंदा मे महिन्यात माहेरवाशिणींचा मेळावा ठरला. गावातून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींना एक दिवस माहेरी बोलवायचं. असे मेळावे हल्ली पुष्कळ गावांत होतात. आपल्याकडे नवीन गोष्ट एवढीच की वरची वाडी, मधली वाडी आणि आपली बौद्धवाडी, तिन्हींच्या लेकी एकत्र येणार होत्या. एकाच मांडवात आणि एकाच पंगतीत. आजवर असं झालं नव्हतं.

समितीचे अध्यक्ष वसंतराव. वरच्या वाडीचे. एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात त्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं. त्यांची कल्पना अशी होती की प्रत्येक लेक शाळेच्या फाटकाशी आली की तिला माहेरच्या नावानं पुकारायचं. सासरचं आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. अमक्याची अमकी आली, एवढंच. मग तिला ओवाळायचं आणि आत न्यायचं. त्यासाठी वडिलांचं नाव हवं. लेकी पसरलेल्या मुंबई, सुरत, पुण्यापर्यंत. म्हणून ऑनलाईन फॉर्म. तो करायचं काम माझ्याकडे.

आणि त्या फॉर्मनं सुगंधाच्या बापावर फुली मारली होती.

सुगंधा माझी बालमैत्रीण, शेजारच्याच घरातली. आता घाटकोपरला असते. काशीरामकाका गवंडी होते. मेळावा ज्या शाळेत होता त्या शाळेच्या दगडी पायऱ्या त्यांनी घडवलेल्या. मुंबईतल्या आपल्या वाडीच्या बायकांची बस सुगंधाच जमवत होती. तिनं हात काढून घेतला तर आपल्या वाडीतून कोणी येणार नव्हतं, आणि मग तो मेळावा दोन वाड्यांचाच झाला असता. पुन्हा कोणी एकत्र करू म्हणालं नसतं. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. महाडला चवदार तळ्यावरून माझं रोजचं जाणं-येणं आहे. आपल्या माणसाला 'अवैध' हा शब्द कसा लागतो ते मला ठाऊक आहे.

"सुगंधा, हे मी नाही लिहिलेलं," मी म्हटलं.

"मग कोणी लिहिलंन?"

"फ्रेमवर्कनं."

"तो कोण?"

हे तुम्हालाही सांगायला हवं. घर बांधताना आपण दारं-खिडक्या स्वतः रंधा मारून करत नाही, तयार आणतो. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाईटसाठी मिळणारी तशीच तयार दारं-खिडक्या. फॉर्म, बटणं, रकाने, सगळं आयतं मिळतं. त्यातच व्हॅलिडेशन येतं. व्हॅलिडेशन म्हणजे फॉर्म पुढे पाठवण्याआधी तो नीट भरलाय का ते बघणं. कंडक्टर घंटी मारायच्या आधी एकदा दाराकडे बघतो, तसं. काही चुकलं असेल तर रकान्याखाली सूचना येते. ती सूचना काय शब्दांत यावी, कुठल्या रंगात, कुठे आणि कधी, हे सगळं फ्रेमवर्कनं आधीच ठरवलेलं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. आपण काही सांगितलं नाही तर डिफॉल्ट चालतं. इंग्रजीतल्या 'इनव्हॅलिड' शब्दाचं कोणीतरी कुठेतरी बसून 'अवैध' असं भाषांतर केलं होतं. शब्दकोशात ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे अवैध काय असतं? अवैध दारू, अवैध वाळूउपसा. त्या ओळीत आता काशीरामकाका जाऊन बसले होते.

मी सुगंधाला म्हटलं, "शब्दाचं समजलं. पण काशीराम या नावात त्याला चूक काय दिसली, ते मला बघू दे."

"चूक काय दिसायची? वरच्या वाडीच्या पोरींची नावं बिनतक्रार गेली. गणपतच्या पाचही पोरी नाव नोंदवून मोकळ्या झाल्या. ग्रुपवर फोटो टाकलेनीत. आमच्या द्रौपदीच्या बापाचं नाव भीमराव. अवैध. शांताच्या बापाचं नाव गौतम. अवैध. आता बोल."

मी ती नावं कागदावर लिहून घेतली. तिनं आणखी एक सांगितलं. "आणि ऐक. माझ्या नातीनं तेच नाव इंग्रजीत लिहून बघितलंन. गेलं. म्हणजे इंग्रजीत माझा बाप चालतो, मराठीत नाय?"

"बस रद्द करू नकोस. मला उद्यापर्यंत वेळ दे."

"उद्या दुपारी बसवाल्याला सांगायचं हाय. त्याच्या पुढं नाय."

मी वसंतरावांना फोन करून बोलावून घेतलं. ते संध्याकाळी मोटारसायकलवरून आले. सोबत करवंदांची परडी. त्यांची बहीण हिराआक्का डोंगरावरच्या कुडपणला दिलेली आहे, तिनं वरून पाठवलेली. तुमचे आजोबा परडी बघून खूश झाले आणि चहा टाकायला आत गेले.

मी वसंतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"शालिनीताई, आईशप्पथ, आमच्या मनात असलं काय नाय."

"तुमच्या मनात नाही हे मला माहीत आहे. कम्प्युटरच्या मनात काय आहे ते शोधायचंय. इथे बसा आणि तुमच्या वडिलांचं नाव लिहा."

"माझ्या? तुकाराम."

"सांगू नका, लिहा."

वसंतराव एका बोटानं टाईप करतात. दुसऱ्या हातानं करवंदं खाणं चालू होतं. मध्येच हात बदलायचे. त्यांनी 'त' दाबला. काही झालं नाही. मग उकार दिला आणि 'तु' झाला. झाल्याबरोबर रकान्याला लाल चौकट आली, कोपऱ्यात फुली आली, खाली अक्षरं आली: वडिलांचे नाव अवैध आहे.

वसंतराव खुर्चीत मागे सरकले. "अरे, मला पुरं लिहू तर दे. नाव अजून तोंडातून बाहेर नाय पडलं."

तेही खरंच होतं. माणूस लिहीत असतानाच, दर अक्षरागणिक तपासायचं, हेसुद्धा डिफॉल्ट. दारात आलेल्या पाहुण्यानं तोंड उघडायच्या आत त्याला टोकावं, तसं.

"आता उकार पुसा," मी म्हटलं.

पुसला. लाल गेलं. परत दिला. परत आलं. त्यांना गंमत वाटायला लागली. त्यांनी 'गणपत' लिहिलं. काही आलं नाही. 'शरद' लिहिलं. काही नाही. स्वतःचं 'वसंत' लिहायला घेतलं. 'वस' पर्यंत ठीक. अनुस्वार दिला आणि लाल.

"ताई," ते सावकाश म्हणाले, "ह्याला काना-मात्रा चालत नाय."

मी हसले ते हसतच राहिले. आजोबा चहा घेऊन आले तरी मी हसत होते. तुम्ही मराठी शाळेत गेला नाहीत, म्हणून सांगते. आमच्या वेळी पहिलीत आधी बिनकाना-मात्रेचे शब्द शिकवायचे. कमळ, बदक, गवत, शरद. काना, वेलांटी, उकार मागाहून. फ्रेमवर्कची अजून पहिलीच चालली होती.

झालं होतं असं. पहिल्या चाचणीत वसंतरावांनी वडिलांच्या नावाच्या रकान्यात फोन नंबर लिहिला होता, कारण त्याखालचाच रकाना फोनचा होता आणि त्यांची ओळ चुकली. तसं परत होऊ नये म्हणून मी त्या रकान्याला फ्रेमवर्कमधला एक तयार नियम लावला: फक्त अक्षरं चालतील, आकडे नाहीत. तो नियम करणाऱ्यांना क, ख, ग ही अक्षरं म्हणून माहीत होती. पण काना, वेलांटी, अनुस्वार यांची कम्प्युटरमध्ये वेगळी जात धरतात. अक्षर नाही, अक्षराला लावायची खूण. खुणा त्या नियमात बसत नव्हत्या. इंग्रजीत खुणा नाहीतच, म्हणून इंग्रजीतला काशीराम सरळ आत. मी चाचणीला 'अबक' लिहून बघितलं होतं. अबकला ना काना ना मात्रा.

मी सुगंधाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"सुगंधा, वसंतरावांच्या वडिलांचं नाव पण अवैध आहे."

"काय सांगत्येस?"

"तुकाराम. उकाराला अडकलं."

"सुगंधाताई," वसंतराव फोनकडे वाकून म्हणाले, "मी स्वतः पण अवैध. अनुस्वाराला."

 पलीकडून सुगंधाचं हसू आलं. शाळेत ज्या हसण्यावर मास्तरांचा मार ठरलेला असायचा, ते हसू.

"म्हणजे तो गणपत सुटला तो बिनकान्याचा म्हणून?"

"हो."

"आणि त्याच्या पोरी ग्रुपवर मिरवतायत."

नियम मी तिथल्या तिथे काढून टाकला. बदलला नाही, काढलाच. फोनचा रकाना सगळ्यात वर नेऊन ठेवला. वसंतरावांना काळजी.

"आणि कोणी परत वडिलांच्या जागी नंबर लिहिला तर?"

"तर मी त्या नंबरवर फोन करून वडिलांचं नाव विचारीन."

त्यांनी यावर विचार केला आणि मान डोलावली.

मला वाटलं काम संपलं. सुगंधानं नाही म्हटलं.

"शालू, मला पटलं. पण बायकांचं काय? त्यांनी ते लाल बघितलंनीत. आता परत फॉर्म उघडला आणि दुसऱ्या कशाला तरी तीच लाल चौकट, तीच फुली आली, तर वाचणार पण नायत. फुली दिसली की फोन बंद. तुझं काना-मात्रेचं पुराण मी किती जणींना सांगू? ती फुली काढ. रंग बदल. मला फोटो पाठव. मी तो ग्रुपवर टाकत्ये. मग बघू."

तिचं बरोबर होतं. नाव तपासायचं बंद केलं तरी दोन सूचना उरत होत्या. रकाना रिकामा राहिला तर, आणि फोन नंबरात आकडे कमी पडले तर. त्या लागणारच. बोलावणं करायचं तर नंबर हवा.

"कुठला रंग करू?" मी विचारलं.

"भगवा छान दिसेल," वसंतराव म्हणाले.

"मग निळा का नको?" फोनमधून.

आजोबांनी चहाच्या कपात बघितलं. मी म्हटलं हिरवा, तर लक्षात आलं की हिरवा फ्रेमवर्कनं 'सगळं ठीक' या सूचनेला दिलेला आहे, गोंधळ होईल. पिवळा पांढऱ्यावर वाचता येत नाही, आणि येणाऱ्यांतल्या निम्म्या बायकांचं मोतीबिंदूचं वय. मी कीबोर्ड पुढे ओढला. त्यावर वसंतरावांच्या बोटाचे ठसे होते. काना, उकार, अनुस्वार, ज्या ज्या बटणावर त्यांनी प्रयोग केले त्या प्रत्येकावर करवंदाचा गडद जांभळा डाग.

"करवंदी करू," मी म्हटलं.

फोनमधून सुगंधा म्हणाली, "चालंल. करवंद खाल्लं की वरच्या वाडीची जीभ आणि आमची जीभ एकच दिसते."

वसंतरावांनी लगेच स्वतःची जीभ आजोबांना काढून दाखवली. आजोबांनी त्यांची दाखवली. दोघं मिळून दीडशेच्या आसपास वयाचे आहेत.

आता कामाची गोष्ट. फ्रेमवर्कच्या मूळ फाईलला हात लावायचा नसतो. उद्या नवीन आवृत्ती आली की तुमचे बदल पुसले जातात. आपली वेगळी स्टाईलशीट लिहायची. स्टाईलशीट म्हणजे कुठली गोष्ट कशी दिसावी याच्या सूचनांची फाईल. ती फ्रेमवर्कच्या फाईलनंतर जोडायची. एकाच गोष्टीबद्दल दोघांनी वेगळं सांगितलं आणि दोघांचं वजन सारखं असेल, तर नंतर बोलणाऱ्याचं चालतं. आपल्या घरात जसं आजोबा आधी बोलतात आणि मी नंतर.

मी चौकटीचा रंग करवंदी केला. झाला. अक्षरं केली. झाली नाहीत, लालच राहिली. फ्रेमवर्कनं ती सूचना जास्त नेमकेपणानं सांगितलेली होती: अमक्या फॉर्ममधल्या अमक्या रकान्याखालची अक्षरं. मी नुसतंच 'अक्षरं' म्हटलं होतं. नेमकं बोलणाऱ्याचं वजन जास्त धरतात, मग तो आधी बोललेला असला तरी. 'इम्पॉर्टंट' असा एक शब्द लिहून जबरदस्ती करता येते. पण मी बँकेत अशा फायली बघितल्यात जिथे प्रत्येक कागदावर 'अर्जंट'चा शिक्का असायचा आणि त्यामुळे एकही हलायचा नाही. म्हणून मी पण नेमकं लिहिलं. अक्षरं करवंदी झाली.

फुली मात्र जाईना. रंग बदलला, कडा बदलली, फुली तशीच. वसंतराव म्हणाले, "ही आमच्या डेपोतल्या साहेबासारखी हाय, बदलीच होत नाय." शोधल्यावर दिसलं की फुली हे अक्षरच नव्हतं. रकान्याच्या मागे लावलेलं चित्र होतं, आणि लाल रंग त्या चित्रातच भरलेला. अक्षरांच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. मी ते चित्र काढून टाकलं. तिथे काहीच ठेवलं नाही.

मग जागा. सूचना डिफॉल्टनं रकान्याखाली येते. पण फोनवर टाईप करताना कीबोर्ड खालून वर येतो आणि सूचना झाकून टाकतो. बाईला चौकट दिसणार, कारण दिसणार नाही. मी सूचना रकान्याच्या वर नेली आणि अक्षरं मोठी केली. दर अक्षराला तपासणं बंद केलं. आता माणसाचं लिहून झालं, रकाना सोडून पुढे गेला, की मगच बघायचं.

शेवटी शब्द. वसंतरावांनी तोवर कागदावर मसुदा केलाच होता. त्यांनी वाचून दाखवला. "सदर रकान्यात माहिती भरणे बंधनकारक असून भगिनींनी कृपया याची नोंद घ्यावी."

"वसंतभाऊ," सुगंधा फोनमधून म्हणाली, "बायका माहेरी येतायत का डेपोत?"

"मग तुम्ही सांगा."

"आई कशी विचारायची? डबा राहिला गो. रुमाल राहिला गो. तसं लिहा. वडिलांचं नाव राहिलं गो."

वसंतरावांना 'गो' लेखी बरं वाटेना. मलाही क्षणभर वाटलं, वेबसाईटवर 'गो' कुठे असतो का. मग मनात म्हटलं, सदर तरी कुठे असतो? मी लिहिलं: वडिलांचं नाव राहिलं गो. फोनसाठी लिहिलं: नंबर एकदा परत बघ गो, आकडा कमी वाटतोय. 'अवैध' कुठे कुठे आहे ते शोधून सगळीकडून काढला.

फोटो पाठवला. सुगंधानं लगेच फोन केला.

"माझ्या फोनवर अजून इंग्रजीत येतंय. काळ्या फुग्यात. प्लीज फिल आऊट."

तो फुगा फ्रेमवर्कचा नव्हता, ब्राऊजरचा होता. ब्राऊजर म्हणजे फोनमधलं जे ॲप आपल्याला वेबसाईट दाखवतं ते. रिकामा रकाना दिसला की ते स्वतःहून बोलतं, फोनची जी भाषा असेल त्या भाषेत. त्या फुग्याला आपला रंग देता येत नाही. फक्त गप्प बसवता येतं, फॉर्मवर एक शब्द लिहून. तो लिहिला. फुगा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी दुसरं काही काम केलं नाही. फोन टेबलावर ठेवून वाटाणे सोलत बसले. सुगंधाचा फोन नाही. बसवाल्याला सांगायची वेळ टळून गेली तरी नाही. आजोबा म्हणाले, तू कर ना. मी केला नाही. एकदा फुली खाल्लेल्या माणसाला आपण येतेस का म्हणून किती वेळा विचारणार?

संध्याकाळी मेसेज आला. त्यात एकच ओळ. "एक बस पुरत नाय, दुसरी बघत्ये."

मागाहून कळलं ते असं. सुगंधानं ग्रुपवर फोटो टाकल्यावर द्रौपदीनं मुद्दाम वडिलांचं नाव रिकामं ठेवून बटण दाबलं, 'गो' खरंच येतो का ते बघायला. आला. तिनं बाकीच्यांना सांगितलं. मग सगळ्याजणी आधी रिकामं ठेवून बटण दाबायला लागल्या. सुरतेला दिलेल्या एकीनं म्हणे चार वेळा दाबलं. अडलेल्या फॉर्मचीही माझ्या कम्प्युटरवर नोंद होते, तिथे मला नुसत्या अपुऱ्या फॉर्मची रीघ दिसत होती आणि मी घाबरले होते की आता नवीन काय बिघडलं.

मेळाव्याच्या दिवशी मी सकाळीच गावात पोचले. शाळेच्या फाटकाशी टेबल, वसंतराव आणि माईक. कुडपणची हिराआक्का दोन परड्या करवंदं घेऊन बसलेली. पळसाच्या पानांचे द्रोण करून येणारीच्या हातात देत होती. माझं काम टॅबवर नावं उघडून वसंतरावांना देणं.

त्यांची सवय काही सुटली नव्हती. "गणपतच्या कमल, विमल, मंगल, शकू आणि बेबी, पुण्याहून, फाटकावर येत आहेत." पाचीजणी एकदम लाजल्या. मागून कोणीतरी म्हणालं, बिनकान्याच्या आल्या गो. ही गोष्ट तोवर सगळीकडे पोचली होती.

मग मुंबईच्या बसा आल्या. सुगंधा पहिली उतरली. हिरवी साडी, डोळ्यांवर गॉगल. फाटकाशी येऊन उभी राहिली. वसंतरावांनी माईक तोंडाशी धरला. या वेळी गाडीसारखं पुकारलं नाही.

"काशीरामाची सुगंधा आली."

ती काशीरामकाकांनी घडवलेली पायरी चढली, तेव्हा हिराआक्का ओवाळायला उठली आणि म्हणाली, "जपून गो, तुझ्या बाच्या पायऱ्या उंच हायत." सुगंधा म्हणाली, "माझा बा उंच होता." दोघी हसल्या. आत जाऊन पाहते तर एकाच द्रोणातून करवंदं खात होत्या.

गर्दी ओसरल्यावर सुगंधा परत फाटकाशी आली.

"शालू, तुला कधी पुकारलंनीत?"

"मी कामावर आहे."

"तू माहेरवाशीण नायस?"

खरं म्हणजे मी नाव नोंदवलंच नव्हतं. फॉर्म करणाऱ्यानं फॉर्म भरायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. सुगंधानं टॅब माझ्या हातात दिला. मी घाईनं फोन नंबर लिहिला, नाव लिहिलं आणि बटण दाबलं. सगळे बघत होते. रकान्याच्या वर मोठ्या करवंदी अक्षरांत आलं:

वडिलांचं नाव राहिलं गो.

मी पुष्कळ फॉर्म केले आणि भरले. निवृत्तीनंतर मात्र वडिलांचं नाव कोणी विचारलं नव्हतं. मी रकान्यात लिहिलं, लक्ष्मण. तीन अक्षरांचं जोडाक्षर. कशालाच अडलं नाही.

वसंतरावांनी माईक घेतला. "लक्ष्मणाची शालू, महाडहून, उशिरा धावत आहे."

मुलांनो, पुढे-मागे तुम्ही असं काम कराल तेव्हा तुमच्या आजीचं एवढं लक्षात ठेवा. फोन नंबर तपासावा. नाव तपासू नये, लिहून घ्यावं. आणि चाचणीला 'अबक' लिहू नये, आपल्या बापाचं नाव लिहावं.